बिस्किटांच्या डब्यातली चिठ्ठी

बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याचा गोडसर, गंजका वास आला की मला आजही एक शनिवार आठवतो.

तंजावूरला आमच्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी आम्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा वर्ग भरायचा. मनातला प्रश्न नाव न घालता लिहून अशाच डब्यात टाकायचा आणि पास्टर अक्कांनी तो सगळ्यांसमोर वाचायचा, अशी पद्धत होती. त्या दिवशी मी घाईघाईत चिठ्ठी टाकली आणि मग चूक लक्षात आली. अक्षरं तमिळ होती, पण भाषा घरची, मराठी. वर्गात मराठी मी एकटीच.

अक्कांनी चिठ्ठी उलगडली आणि त्या थांबल्या. पंखा घरघरत होता. जिच्याबद्दल मी लिहिलं होतं ती स्टेलाच हात पुढे करून म्हणाली, "अक्षर लागत नाही का, अक्का? द्या, मी वाचते."

"लागतंय गं," अक्का म्हणाल्या आणि सरळ तमिळमध्ये वाचू लागल्या, "मी मुलगी असून मला एक मुलगी आवडते. देव मला टाकेल का?"

अक्का तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, मराठी शेजारात वाढल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

"नाही टाकणार," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी बायबलात ठेवली.

संध्याकाळभर त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, त्यांना माझी किळस आली असणार.

आता तो वर्ग मी घेते. डब्यातून ओळखीचं अक्षर निघतं, तेव्हा मान वर न करता वाचत राहणं किती जड जातं, ते मला कळतं.