मोळीचं तिकीट

माझ्या भावाला एकच वाटत होतं, आईने आता बसावं. नुसतं बसावं. जव्हारला त्याने दोन खोल्या घेतल्या, गॅस घेतला, आईसाठी जाड गादी घेतली आणि वडील गेल्यावर जामसरच्या पुढच्या पाड्यावरून तिला उचलून आणलं. "जन्मभर ओझी वाहिलीस, आता आराम कर," म्हणाला. भाऊ वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

आई बसली. सहा महिन्यांत अशी बसली, की उठताना भिंत धरायला लागली. भाकरी अर्धीच खायची. दुपारभर ओट्यावर पाय पसरून स्वतःच्याच पोटऱ्या चेपत राहायची. विचारलं की म्हणायची, "पाय माझे नाय रायले." डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, काही सापडलं नाही. सापडणार कुठून? जन्मभर रोज चार कोस चालणारी बाई भावाने गादीवर नेऊन ठेवली होती. अशीच एखाद्या दिवशी ती उठायची नाही, हे मला दिसत होतं. भावाला दिसत नव्हतं.

मी तिथल्याच शाळेत शिकवत होते, स्टँडच्या मागे एका खोलीत एकटी राहत होते, आणि रविवारी मला फिरायची खोड होती. सकाळची खोडाळ्याची एसटी धरायची, घाटातल्या एखाद्या वळणावर उतरायचं, रानातल्या पायवाटेने पुढच्या फाट्यापर्यंत चालायचं आणि परतीच्या गाडीला हात दाखवायचा. शाळेतले लोक हसायचे. आमच्याकडे चालायचं कोणी? ज्याच्या गावाला गाडी जात नाही त्याने. नोकरी लागलेल्या माणसाने उगाच पायपीट करायची म्हणजे नोकरीचा अपमान. "बाई, गाडी असताना चालता कशाला?" एकाने विचारलं. मी म्हटलं, गाडी आहे म्हणूनच चालते, नसती तर मीही कंटाळले असते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, भावाला न विचारता, मी आईला बरोबर घेतलं. वळणावर उतरलो तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला होता. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, बांधावर नागलीचा पेंढा रचलेला होता. खाचरं संपून ऐनाची झाडं लागली तसा तिचा हात सुटला. थोड्या वेळाने ती पुढे आणि मी मागे, धापा टाकत.

"जायचं कुठं हाय?" तिने मागे न बघता विचारलं.

"कुठेच नाही. फिरायचं."

"काम काय?"

"काम काही नाही गं. चालायचं आणि घरी जायचं."

तिने थांबून माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय. मग ती वाकली आणि एक वाळकं लाकूड उचललं. मग दुसरं. फाटा येईपर्यंत तिने चांगली मांडीएवढी जाड मोळी वेलीने आवळून बांधली होती. कमरेच्या फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "उचलू लाग."

इथे मला स्वतःची लाज वाटते, पण सांगते. बी.एड. झालेली मी, भावाला शहाणपण शिकवायला निघालेली, घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. "आये, टाक ती. घरी गॅस आहे. लोक काय म्हणतील?"

"रानातून रिकाम्या हाताने कोण येतं?" ती म्हणाली. "रानाला काय वाटंल?"

गाडी आली. कंडक्टर दारातच अडला. "आजी, लाकडं चालणार नाहीत."

आई मोळीसकट पहिल्या पायरीवर उभी. उतरायला तयार नाही. चढायची सोय नाही. आतल्या बायाबापड्या बघत होत्या, त्यांच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी डोक्यावर मोळ्या आणून जव्हारच्या बाजारात विकल्या असतील. एकाएकी माझं डोकंच फिरलं. मघाशी मी जे बोलले तेच हा माणूस बोलत होता, आणि त्याच्या तोंडून ते मला अजिबात सहन झालं नाही.

"का नाही चालणार? कोंबड्या चालतात, पत्र्याच्या ट्रंका चालतात. सामानाचं तिकीट फाडा."

"बाई, तुम्ही शिकलेल्या..."

"म्हणूनच सांगते, फाडा."

त्याने फाडलं. मोळी मागच्या बाकाखाली गेली. त्या संध्याकाळी आईने दोन भाकरी खाल्ल्या.

मग दर रविवार आमचा झाला. भावाला एवढंच माहीत, की आई रविवारी माझ्याकडे असते; मोळ्या माझ्या खोलीच्या मागे रचत गेलो. शेजारच्या बायकांनी नाकं मुरडली, खुशाल मुरडू देत म्हटलं. एकदा तर डहाणूच्या गाडीने तिला समुद्रावर नेलं. म्हटलं, इथे तरी उचलण्यासारखं काही नाही, नुसती चालेल. समुद्राकडे तिने एकदा बघितलं, "लय पाणी हाय," म्हणाली, आणि सुरूच्या बनात शिरून पदरभर वाळकी बोंडं गोळा केली. चूल पेटवायला फार चांगली, असं तिचं मत पडलं. आता ती भिंत धरत नव्हती.

आणि भावाला कळलं. त्याच्या कचेरीतल्या साहेबांनी आईला स्टँडवर मोळीसकट उतरताना बघितलं होतं. भाऊ तडक माझ्या खोलीवर आला.

"साहेब सगळ्यांसमोर विचारतात, तुमच्या आईला अजून लाकडं विकावी लागतात का. मी काय सांगू? पुढच्या रविवारपासून ती कुठे जाणार नाही."

"तू कोणाच्या डोक्यावरच्या मोळ्यांवर शिकलास ते सांग साहेबांना."

"तेच तर!" तो ओरडला. मग आवाज खाली आला. "आश्रमशाळेतून बाजारात यायचो तेव्हा ती रस्त्यात दिसायची. मान आखडलेली, घाम डोळ्यांत. तेव्हाच ठरवलं होतं, हिच्या डोक्यावर परत काही ठेवू द्यायचं नाही. ते मला पुन्हा बघवणार नाही."

मला हे माहीत नव्हतं. पण म्हणून मी मागे हटले नाही. "तुला बघवत नाही म्हणून तिने मरायचं का?" मी म्हटलं. तो निघून गेला.

रविवारी मी गेले नाही. म्हणजे जाणार नव्हते. घरात भांडण नको म्हणून चहा ठेवला, तर दारात आई. एकटी चालत आलेली, कमरेला फडकं खोचलेलं. "गाडी चुकंल," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला.

त्या दिवशी तिने बांधली तेवढी मोठी मोळी मी तोवर बघितली नव्हती. मुद्दामच, कारण भाऊ काय म्हणाला ते मी तिला वाटेत सांगितलं होतं. संध्याकाळी जव्हारला उतरलो तर भाऊ स्कूटर घेऊन उभा, चेहरा उतरलेला. शेजारच्या चहाच्या टपरीवर त्याच्या कचेरीतले दोघे.

"आये, बस गाडीवर. चल लवकर," तो दबक्या आवाजात म्हणाला.

आईने डोक्यावरची मोळी मला उतरवायला लावली आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली.

"हिला ने. हिचं वजन तुला बघवत नाय ना? मंग तू ने. मना पाय हायेत."

टपरीवरचा एक जण हसला. "काय हो, घरातला गॅस संपला का?"

भावाने एकदा मोळीकडे बघितलं, एकदा आईच्या मानेकडे. मग डिकीतून दोरी काढली आणि मोळी बांधायला लागला. "गॅस आहे," गाठ मारता मारता तो म्हणाला. "आईची मोळी आहे."

रविवारच्या भर बाजारातून तो स्कूटर हळूहळू चालवत गेला, आडव्या लाकडांना लोक वाट देत होते. त्याच्यामागे आई, दोन्ही हात मोकळे सोडून, घरापर्यंत चालत गेली. भिंत तिने कुठेच धरली नाही.