खोतीण आणि अत्तर

फजलभाईंचा मला पहिल्या आठवड्यापासून राग यायचा. राग कसला, चक्क जळायचे मी त्यांच्यावर. मी नाशिकची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., नवऱ्याच्या नोकरीपायी कतारला आलेली. ते दापोलीकडचे, अठरा वर्षं इथे ड्रायव्हर. आणि आमच्या प्रोजेक्टवर भाव कुणाला? तर त्यांना!

उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे, शेतांपलीकडच्या माळावर आम्ही धबांचा अभ्यास करायचो. धब म्हणजे जाडजूड वाळवंटी सरडा, शेपूट काटेरी, राहतो बिळात, खातो पाला. माणसांसारखे धबांनाही स्वभाव असतात का, एखादा जन्माचा धीट आणि एखादा भित्रा असतो का, हे प्रोजेक्टच्या प्रमुख मृणालिनी मॅडमना शोधायचं होतं. रीत साधी. एकाने, कधी मी तर कधी फजलभाईंनी, सरळ, एका चालीने धबाकडे चालत जायचं. तो बिळाकडे पळाला की थांबायचं आणि मधलं अंतर टेपने मोजायचं. रोज तेच कपडे, तेच बूट.

माझ्या यादीत धबांना नंबर होते. फजलभाईंनी त्यांना गावातल्या माणसांची नावं दिली होती. सात नंबरची मादी म्हणजे खोतीण. "आमच्या गावची खोतीण अशीच," ते सांगायचे. "रस्त्यात बसली की एस्टीला पन हालायची नाय."

ही खोतीण फजलभाईंना सहा मीटरपर्यंत येऊ द्यायची. रोज सहा, फार तर सात. मी निघाले की कधी तीस, कधी पंधरा, कधी चाळीस. मी काय तिचं घोडं मारलं होतं? फजलभाई म्हणायचे, "ताई, तुमी तिच्याकडं बगत जाता. बगू नका. बाजाराला निगाल्यासारकं चाला." तसंही चालून पाहिलं. गेलीच ती पळून.

रमजानच्या शेवटी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सीझनला चालणारा माणूस एकच ठेवायचा. ईदनंतर आठवडाभर दोघांचे आकडे बघते आणि ठरवते." आकडे बघायची गरजच नव्हती. माझी डिग्री कपाटात आणि चालणार कोण, तर ड्रायव्हर! त्या रात्री मी नवऱ्याशीही धड बोलले नाही.

ईदच्या दिवशी फजलभाईंना सुट्टी होती. मी एकटीच गाडी काढून माळावर गेले. खोतीण बिळाच्या तोंडाशी ऊन खात होती. मी तिच्या अंगावर धावून गेले. ती आत घुसल्यावर बिळाशी पाय आपटले, स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चमचा बडवला. तिने डोकं बाहेर काढलं की पुन्हा तेच. तासभर. आता ती फजलभाईंनाही सहा मीटरपर्यंत येऊ देणार नव्हती. लाज वाटली का? नाही. तेव्हा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फजलभाई खुशीत आले. त्यांच्या बायकोने, रुकैयाभाभींनी, दापोलीहून कुणाच्या तरी हाती अत्तर पाठवलं होतं, अख्खी गाडी घमघमत होती. "ईद हाय, जरासं लावलंय," म्हणाले आणि खोतिणीकडे चालू लागले. ती पन्नास मीटरवरूनच पळाली. ते तिथेच उभे राहिले. मग मनगट नाकाशी नेऊन मटकन खाली बसले.

"माजीच चूक, ताई. वास नाय सोसला तिला."

मी टेप गुंडाळत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी अत्तर सोडलं. जुम्म्यालाही नाही. गाडीच्या सीटा पुसल्या, शर्ट तीनदा धुतला. खोतीण पळतच राहिली. "अंगात मुरलाय वास," ते म्हणाले आणि आपण होऊन मॅडमकडे गेले. "नमिताताईंनाच द्या काम. माज्यामुळं तुमचे आकडे बिगडतील."

झालं! काम मला मिळालं. मी पेढे आणले, त्यांनाही दिले. त्यांनी दोन खाल्ले आणि "मुबारक, ताई" म्हणाले. मनापासून म्हणाले, तेच मला झोंबलं.

परवा माळावरून परतताना गाडीत त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर रुकैयाभाभी.

"नमिताताई हायत ना गाडीत? ताई, एक विचारू? ह्यांनी माजं अत्तर लावायचं सोडलं. मी दहा दुकानं फिरून घेतलेलं. विचारलं तर म्हनतात, खोतिनीला आवडत नाय." आवाज चिरकला. "खरं सांगा मला. कोन ही बाई?"

फजलभाई स्टिअरिंगवर थाप मारून हसायला लागले. "येडी हायस काय गं!" पण पलीकडे भाभी रडत होत्या. मी ओळखते तो आवाज. आपलं माणूस, आपलं काम दुसरंच कुणी घेऊन गेलं की असंच होतं.

"भाभी," मी म्हणाले, "खोतीण बाई नाही, सरडा आहे. आणि ती अत्तराला घाबरली नाही. ईदच्या दिवशी मी जाऊन तिला घाबरवलं. काम मला मिळावं म्हणून."

फजलभाईंचं हसू थांबलं. "मागनं करतो फोन," म्हणत त्यांनी तो बंद केला, गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता उतरवतात. खुशाल उतरवावं, असंही वाटलं.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळले.

"म्हंजे ती माज्यावर रागावलेली नाय?"

"नाही."

"मग मी अत्तर लावू ना आता?"

मी हो म्हटलं आणि मृणालिनी मॅडमना फोन लावला.