बोटाला अडलं पाहिजे

रफूकाकांचं काम असं, की ते चांगलं झालं तर कोणाला दिसतच नाही. मान मोडून राबायचं आणि गिऱ्हाइकानं कोट उलटापालटा करून विचारायचं, "अहो, भोक होतं तरी कुठे?" हीच काय ती शाबासकी. तेवढ्यावर काकांनी एकेचाळीस वर्षं काढली. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीतली जिन्याखालची खोली. एक खिडकी, एक टेबल, आणि भिंतीभर लोकांचे फाटके कपडे.

रफूचा धागा बाजारात मिळत नाही बरं का! शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. काका त्या मायेतून एकेक धागा अलगद ओढायचे, सुईच्या नेढ्यात ओवायचे आणि भोकावर उभे-आडवे विणत जायचे. शेवटी डोळे मिटून त्या जागेवरून बोटं फिरवायचे. बोट जरा जरी अडलं, की सगळं उसवून पहिल्यापासून. नाही अडलं, तर काम फत्ते. "डोळ्यांना फसवता येतं," काका म्हणायचे, "बोटाला नाही."

पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी ते वाकून बसण्यावर ढकललं आणि वर्षभर मलमं चोळली. निघालं भलतंच. रक्ताचा कॅन्सर, हाडांच्या आत मज्जेत घर करून बसलेला. नेहमीची औषधं काही महिने चालली, मग त्यांनी हात टेकले. तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी एका चाचणीबद्दल सांगितलं. दोन जुनी औषधं आणि एक नवं, तिन्ही एकत्र द्यायची. किती दिली म्हणजे रोगही हटेल आणि माणूसही सोसेल, ते शोधायचं होतं.

"तुम्हाला गुण येईलच असं मी म्हणणार नाही," बाई स्वच्छ बोलल्या. "पण तुम्हाला जे जे होईल ते खरं कळलं, तर तुमच्यामागून येणाऱ्यांना किती द्यायचं ते ठरेल."

काकांनी सही केली. दर सोमवारी पोटावर इंजेक्शन, त्याच दिवशी मूठभर पांढऱ्या गोळ्या, आणि रोज एक कॅप्सूल. शिवाय एक वही. तिच्यात रोज चौकटी भरायच्या: मळमळ, ताप, झोप, हातापायांची बधिरता. काहीच नसेल तर शून्य, असह्य असेल तर चार.

त्या कॅप्सूलची गुंगी मोठी गोड होती. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की काकांची मान कलायची, मांडीवरचं कापड पसरत पसरत खोलीभर व्हायचं आणि काका त्याच्या उभ्या-आडव्या धाग्यांवरून चालायला लागायचे. धागे म्हणजे गल्ल्याच. पायाखाली ऊबदार लोकर, कुठे आवाज नाही, पाठ दुखत नाही. लांब कुठेतरी एक भोक दिसायचं आणि त्याच्या काठावर माणसं रांगेत उभी असायची, कोणाची बाही फाटलेली, कोणाची कॉलर. काका एकेकाची बाही हातात घ्यायचे, बोट फिरवायचे, म्हणायचे, "गुळगुळीत आहे. जा." आणि तो माणूस निमूटपणे त्या भोकाकडे चालू लागायचा. तेवढ्यात काकूंचा आवाज यायचा, "अहो, चहा!" की सगळं कापड गोळा होऊन पुन्हा मांडीवर.

तिसऱ्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट असा काही सुधारला, की डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. पाठ गप्प झाली. काका जिना चढून दाखवायला लागले. आणि त्याच महिन्यात त्यांच्या बोटांना आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि बोटं नुसतीच हाताला लावून ठेवल्यासारखी झाली.

काकांनी वहीत लिहिलं, शून्य.

आता म्हणाल, एवढा टाक्याला टाका जुळवणारा माणूस, खोटं का लिहील? तर त्याला कारण होतं शेजारच्या खुर्चीवरचे मास्तर. सोमवारी दोघं शेजारी बसून इंजेक्शन घ्यायचे, एकमेकांची टर उडवायचे. एके दिवशी मास्तरांनी बधिरतेच्या चौकटीत दोन लिहिलं, काकांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या सोमवारी खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्याही. काकांना विचारायचा धीर झाला नाही. काढलं त्यांना, काकांनी मनाशी धरलं, औषध तोडलं, आणि मग काय व्हायचं ते झालं. तेव्हापासून स्वप्नातल्या रांगेत मास्तर सगळ्यांत पुढे उभे राहायला लागले. हे औषध सुटलं तर आपण संपलो, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते रोज एक वाटोळं शून्य काढत राहिले.

"अहो, कप केवढा तापलाय! हातात धरवतो कसा?" एकदा काकू ओरडल्या.

"सवय आहे," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि कप काढून घेतला.

चाचणीच्या वह्या तपासणारी एक सिस्टर होती. एका सोमवारी तिनं तिच्या आईचा राखाडी कोट आणला, कोपराला कसर लागलेला. "काका, आई गेल्यापासून घालते मी हा. कराल?"

"विचारतेस काय? आण इकडे."

काकांनी चार दिवस जीव ओतला. डोळे मिटून बोट फिरवलं. वा! इतकं गुळगुळीत काम उभ्या जन्मात झालं नव्हतं. मनात कुठेतरी पाल चुकचुकली, कारण अलीकडे सगळंच गुळगुळीत लागत होतं. टेबलाचा तुटका कोपराही. पण काकांनी कोट घडी करून दिला.

पुढच्या सोमवारी सिस्टर वही घेऊन शेजारी बसली, मास्तरांच्याच खुर्चीवर. कोट तिच्या अंगात होता. तिनं कोपर वळवून समोर धरलं. कसरीच्या जागी एवढी मोठी गाठ, धागे आखडलेले, एक टोक तर चक्क उभं.

"काका, हे तुमचं काम नाही," ती हळूच म्हणाली. "बोटांना काही कळत नाही ना? कधीपासून?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पितळ उघडं पडलं होतं, तेही स्वतःच्याच टाक्यांनी. "मला काढू नकोस ग बाई," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. "मास्तरांना काढलंत तसं."

"मास्तरांना? कोणी काढलं? त्यांचं इंजेक्शन कमी केलंय, आता ते बुधवारी येतात. दर वेळी तुमची चौकशी करतात! म्हणतात, तो लबाड कसा आहे?"

काकांना हसावं की रडावं कळेना. दोन महिने ज्या माणसाचं सुतक मनात धरलं, तो बुधवारी चहा पितोय!

सिस्टर मात्र हसली नाही. "काका, तुमची शून्यं वर डॉक्टरांकडे गेली. एवढा डोस बोटांना बाधत नाही, असं तिथे धरलं गेलंय. पुढच्या माणसाला तेवढाच देणार होते."

काकांच्या डोळ्यांपुढे ती रांग आली. गुळगुळीत आहे. जा. त्यांनी वही ओढून घेतली आणि मागची पानं उलटत विचारलं, "कुठपर्यंत उसवायचं?"

"पहिल्या खोट्या शून्यापर्यंत."

सगळी शून्यं एका रेघेनं खोडून, शेजारी खरा आकडा लिहून सही करायला तासभर लागला. डॉक्टरबाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या, आणि मग इंजेक्शन कमी केलं. बोटं परत येतील का? येतील, नाहीही येतील, त्या म्हणाल्या.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "मला तरी सांगायचं होतं," एवढं बोलल्या आणि पदराआड रडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात येऊन बसायला लागल्या. काका डोळ्यांनी विणायचे आणि काकू डोळे मिटून बोट फिरवायच्या. "अडतंय," काकू म्हणायच्या. काका उसवायचे. "अजून अडतंय." सिस्टरनं परत दिलेला कोट असा सात वेळा उसवला. काका चिडायचे, सुई ठेवून द्यायचे, दुपारी डुलक्या काढायचे. रांगेतली माणसं अजून यायची, पण आता काका त्यांना म्हणायचे, "थांबा जरा, माझ्या बोटाचं काही खरं नाही."

पाच महिने गेले. रिपोर्ट थोडा मागे-पुढे झाला, पण टिकून राहिला. एका दुपारी आठव्यांदा विणून झाल्यावर काकूंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. लोण्यासारखं आहे."

काकांनी सवयीनं, उगाच, डोळे मिटून आपलं बोट त्यावरून नेलं. आणि थांबले. पुन्हा नेलं.

"अडलं," ते म्हणाले.

"काहीतरीच! मी आत्ताच पाहिलंय."

"अगं, अडलं! इथे!" त्यांनी कोट खिडकीपाशी नेला. उजेडात, कोपराच्या अगदी काठावर, केसाएवढा एक धागा वर आला होता. काकूंनी वाकून पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि काकांची बोटं घट्ट धरली.

"दुखतंय ग," काका म्हणाले, आणि डोळे पुसता पुसता तो धागा उसवायला बसले.