चाचांचा आरसा

लातूरला कोचिंग क्लासच्या गल्लीत ते बॅगा शिवतात. नाव मी कधी विचारलं नाही. सगळी पोरं चाचा म्हणतात, मीही म्हणते. शिवण झाली की ते पट्टा पायाखाली दाबतात आणि बॅग दोन्ही हातांनी वर ओढून पाहतात. भूकंपानंतर त्यांनी किल्लारीसाठी ताडपत्रीचे तंबू शिवले, ही सवय तेव्हाची.

माझी मुलगी कॉलेजसाठी नांदेडला निघाली होती. बॅग आपटून तिच्या लॅपटॉपचा कोपरा एकदा फुटला होता. पुन्हा फुटला तर दुरुस्त होणार नव्हता. म्हणून नव्या बॅगेसाठी मी सुधारणांची यादीच नेली: तळाला जाड फोम, रुंद पट्टे, चेनवर पावसाची झडप, चार जास्तीचे खिसे.

चाचांनी यादी वाचली आणि शेवटची ओळ खडूनं खोडली.

"खिसे कशाला ताई? जितके खिसे, तितकं सामान कोंबल हे लेकरू."

"यादी माझी आहे, चाचा."

"हाव, पण वझं तिचं हाय ना."



तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो, तेव्हा बॅग तयार होती. फोम पुरेल का, असं मी दोनदा विचारलं.  भिंतीवरचा आपला आरसा काढून चाचांनी लॅपटॉपच्या कप्प्यात सरकवला आणि बॅग कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडली. मुलगी किंचाळलीच.

आरसा अख्खा निघाला. त्यात बघून चाचांनी दाढीवरून कंगवा फिरवला आणि आरसा परत खिळ्याला टांगला.

मी यादीत फोमपुढे बरोबरची खूण केली. खिशांची ओळ पुन्हा लिहिली नाही.