भिंतीवरची डबी

ती बाई पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत होते. मैलूर वस्तीतल्या आमच्या घराच्या स्लॅबवर पांढरा लेप लावू द्याल का, असं विचारत होती. घरं उन्हानं कमी तापावीत म्हणून तिच्या बंगळूरच्या कॉलेजात संशोधन चाललं होतं. पुढच्या काळात शहरांतली छतं कशी असावीत, ते आमच्या गल्लीत तपासायचं होतं. लेप फुकट. फक्त आतल्या भिंतीवर एक डबी बसवायची. ती खोलीतली गरमी मोजून आकडे कॉलेजात पाठवणार.

"फुकट कामून द्यायलाव?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना सगळे अप्पाच म्हणायचे. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. आमचा स्लॅबही त्यांनीच घातलेला.

"आम्हाला त्यातून आकडे मिळतात, अप्पा."

बाई मूळची कलबुर्गीची, आमच्यासारखंच मराठी-कन्नड मिसळून बोलायची. बहुधा म्हणूनच मी सही केली. मन मात्र खात होतं. आदल्या वर्षी असेच दोघे घरं मोजून गेले होते, आणि नंतर पलीकडच्या गल्लीत भिंतींवर रस्तारुंदीसाठी पाडापाडीच्या लाल खुणा दिसल्या होत्या.

डबी काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. तिच्यात एक हिरवा दिवा लुकलुकायचा. दुसऱ्याच दिवसापासून आम्ही त्या खोलीत आवाज खाली आणून बोलायला लागलो. नवऱ्याशी भांडायचं तर मी स्वयंपाकघरात जायची. कपडे बदलताना डबीवर ओढणी टाकायची.

एका दुपारी गिऱ्हाइकाचं माप घेऊन परतले, तर अप्पा डबी हातात धरून पेटलेल्या गॅसपाशी उभे.

"अप्पा, काय करायलाव?"

"खरं सांगायलीय का न्हाई, बघायलोय."

दुसऱ्या दिवशी बंगळूरहून बाईचा फोन आला. "अक्का, काल तीनच्या सुमाराला घरात काही पेटलं होतं का?"

अप्पा जाम खूश झाले. यंत्र इमानदार निघालं म्हणाले. पण इतक्या लांब बसून हिला आमची दुपार दिसत होती.

"आणखी काय काय कळतंय तुमाला?" मी विचारलं.

"फक्त गरमी आणि हवेतला ओलावा, अक्का." मग म्हणाली, "त्यावरून स्वयंपाक कधी होतो तेवढं कळतं. आणि घर बंद असलं की तेही कळतं."

हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. ती लबाड असती तर बोललीच नसती, हे मला कळत होतं. पण हे आकडे तिच्यापाशीच राहतील कशावरून?

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा मी चहा ठेवण्याआधी डबी तिच्यापुढे ठेवली. "उघडून दाखवा."

तिनं पर्समधून छोटा पेचकस काढला. अप्पांनी चष्मा पुसून आत डोकावलं. एक बॅटरी, एक हिरवी पट्टी, दोन बारीक तारा. कॅमेरा नव्हता, ऐकणारं काही नव्हतं.

"आता लिहून द्या," मी म्हटलं. "आमचं घर कधी बंद असतंय ते कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

मला वाटलं, चिडेल. पण ती म्हणाली, "हे आम्हाला आजवर कुणी विचारलंच नाही." आणि मांडीवर वही घेऊन तिनं ते कन्नडमध्ये लिहिलं, खाली मराठीत लिहिलं, सही केली.

त्या उन्हाळ्यात घर खरंच कमी तापलं. अप्पा दुपारी जमिनीवर आडवे होऊन घोरायचे, ते आधी कधी जमलं नव्हतं. पण स्लॅबच्या कठड्याकडेला लेपाला बारीक भेगा पडलेल्या सगळ्यांत आधी त्यांनीच पाहिल्या. "पावसाळ्यात हितून पाणी मुरतंय बघा," त्यांनी बाईला सांगितलं. पाणी तिथूनच मुरलं. तिनं येऊन फोटो काढले, अप्पांना लेपाखाली काय भरावं ते विचारून घेतलं आणि डबी काढून नेली.

गेल्या महिन्यात विजेचा नवा मीटर बसवायला एक माणूस आला. ऑफिसातूनच वाचता येतो म्हणाला.

"मग घर बंद असलं तर कळतंय का त्यात?" मी विचारलं.

"माझं काम नुसतं बसवायचं, अक्का."

"मग ज्याला ठाऊक हाय त्याला पाठवा," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. अजून कुणी आलेलं नाही.