काचेआडचे सोयरे

अग्निशमन दलाच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे आटेकाका म्हणायचे. नव्यानं भरती झालेला एखादा फाजील गडी विचारायचाच, "काका, तुमचेच तर ढिले नाहीत ना?" काका लेथवरून मान न उचलता म्हणायचे, "माझे ढिले असते तर तू आत्तापर्यंत भाजून निघाला असतास."

हे आटे समजल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही, आणि आटे समजायचे तर दलाची जन्मकथा ऐकावी लागते. शहरात पूर्वी बंबवाले तीन होते. गिरणीचे वेगळे, गोदीचे वेगळे, नगरपालिकेचे वेगळे. गिरणीत आग लागली की गिरणीवाले जिवाच्या आकांतानं धावायचे, आणि भिंतीपलीकडच्या वस्तीत लागली की फाटक लावून घ्यायचे. एकदा तिन्ही दलं एकाच गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि ही हद्द कुणाची यावर भांडत बसली. भांडण मिटेस्तोवर गल्लीच उरली नाही. मग वरून हुकूम सुटला, तिन्ही दलं एक. एका सकाळी सगळ्यांच्या अंगावर एकच गणवेश चढला, एकच बिल्ला आला, डोक्यावर एकच साहेब बसला. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, सलाम ठोकायची पद्धतसुद्धा बदलली. आटे तेवढे कुणी बदलले नाहीत. गिरणीच्या नळ्यांना इंचाला पाच आटे, गोदीच्या रस्त्यांवरच्या पाणी घ्यायच्या हायड्रंटला आठ, आणि नगरपालिकेच्या नळीला आटेच नाहीत, नुसता दाबून बसवायचा खटका. हुकूम निघाला म्हणून पितळ थोडंच ऐकतं?

यावर वर्कशॉपच्या पहिल्या फिटरनं, म्हणजे काकांच्या उस्तादानं, तोडगा काढला. पितळेचा एक मधला तुकडा. एका अंगाला पाच आटे, दुसऱ्या अंगाला आठ. खटक्यासाठी वेगळा. दोन घरं जुळवतो म्हणून गडी त्याला 'सोयरा' म्हणू लागले. प्रत्येक बंबाच्या डाव्या दारात सहा खुंट्या आणि त्यांवर सहा सोयरे. सात केंद्रं, सात बंब. काका पाळीपाळीनं एकेका केंद्रावर जायचे, सकाळच्या हजेरीनंतर खुंटीपाशी उभे राहायचे आणि डोळे मिटून आट्यांवरून अंगठा फिरवायचे. चेपलेला आटा अंगठ्याला लागला की तो सोयरा खिशात, नि खुंटीवर दुसरा. सोयऱ्याशिवाय बंब दाराबाहेर काढायचा नाही, हा नियम मात्र दलाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो फक्त काकांच्या तोंडी होता, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

काकांच्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना नवे मुख्य साहेब आले, आणि दलाची पन्नाशी नेमकी त्यांच्याच कारकिर्दीत भरली. साहेबांनी मुख्यालयाच्या तळमजल्यावर 'वारसा दालन' काढायचं ठरवलं. दालन झालं, दिवे लागले, पण आत ठेवायचं काय? जुनी शिरस्त्राणं कधीच भंगारात गेली होती. घंटा कुणी नेली ते कुणीच सांगेना. तेवढ्यात साहेबांची नजर बंबाच्या दारातल्या चकचकीत पितळेवर गेली. दोन दिवसांत फाईलवर शेरा पडला, 'कालबाह्य पितळी नग दालनाकरिता जमा करावेत.'

काका तडक केबिनमध्ये गेले. "साहेब, हे कालबाह्य नाहीत. रोज लागतात."

"एकसारख्या नव्या नळ्या मागवल्यात आपण."

"आल्या का?"

"येतील हो."

"मग आल्यावर न्या ना. तोवर खुंटीवर राहू द्या."

"पाहुणे येणार आहेत. भिंत मोकळी दिसते."

"भिंत मोकळी दिसली म्हणून कुणी मरत नाही, साहेब."

साहेब हसले. "तुम्ही फार मनाला लावून घेता. चार महिने राहिलेत, आरामात काढा."

काकांनी लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. कारकून म्हणाला, "सोयऱ्यांची पोच? काका, कुणाचं लग्न काढलंत?" पोच मिळाली नाही. बेचाळीस सोयरे पॉलिश होऊन दलाच्या बोधचिन्हाच्या आकारात काचेमागे लागले. खाली पाटी, 'आमचा अभिमान'.

त्यानंतर अठराव्या दिवशी, भर दुपारी, गोदीजवळच्या कागदाच्या गोदामाला आग लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं म्हणून सरकारी कारभाराला हसायची लोकांना सवय आहे. इथं तर बंब चार मिनिटांत दारात उभा होता. गिरणी केंद्राचा बंब, त्यावर लीडिंग फायरमन भोंगा. आवाज असा, की गडी म्हणायचे, याला नेलं तर सायरन कशाला. टाकीतलं पाणी मारत त्यानं शिरकाव केला आणि ओरडला, "हायड्रंट जोडा!" हायड्रंट दहा पावलांवर, पाण्यानं तट्ट भरलेला. नळीला आटे पाच, त्याला आठ. दारातल्या खुंट्या मोकळ्या. दोघांनी नळी नुसती दाबून धरली, ओलं गोणपाट गुंडाळलं. सगळं पाणी रस्त्यावर गेलं. टाकी संपली. आत दोन हमाल अडकलेले. भोंगा पाण्याच्या आडोशाशिवाय आत गेला, दोघांना ओढून बाहेर आणलं, आणि बाहेर आल्यावर त्याच्या हातांकडे कुणाला बघवेना.

चौकशी बसली. आगीनंतर आठव्या दिवशी काकांच्या हाती त्यांच्याच नावाचा टाईप केलेला जबाब आला, त्यात सोयऱ्यांचे 'सांधे' झाले होते. 'वर्कशॉपकडून सांधे वेळेत पुरवण्यात आले नाहीत, ही माझी चूक मला मान्य आहे.' खाली सहीची रेघ. साहेब जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "साधी ताकीद मिळेल. ताणलंत तर चौकशी निवृत्तीनंतरही चालेल. बघा." काकांचा अर्ज फाईलमध्ये नव्हताच.

घरी बायकोनं कागद वाचला, चष्मा काढला. "चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकून होते. पण संन्याशानं दोरखंडावर सहीसुद्धा करायची, हे आज बघितलं."

"नाही केली तर लांबवतील म्हणतात."

"लांबवू देत! भोंग्याची बायको त्याला घास भरवतेय दवाखान्यात. सही केल्यावर तिच्यापुढं कुठलं तोंड घेऊन जाणार आहात?"

काका दुसऱ्या सकाळी दवाखान्यात गेले. भोंग्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. त्या आवाजाच्या माणसानं कुजबुजल्यासारखं विचारलं, "काका, सोयरे परत लागले ना हो खुंटीवर?"

गोदाम जळून नऊ दिवस झाले होते. चौकशी समितीच्या तीन बैठका झाल्या होत्या. चहा झाला होता, फोटो झाले होते. आणि सोयरे अजून काचेमागेच होते! सात बंब तसेच रिकाम्या खुंट्यांनी शहरभर धावत होते, आणि एकाही मोठ्या डोक्याला ते काढून आणावेसे वाटले नव्हते.

ते दवाखान्यातून निघाले ते थेट वर्कशॉपचा टेम्पो, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक पोतं घेऊन दालनात.

"काका, पास?" दालनाचा पहारेकरी म्हणाला.

"यातले निम्मे माझ्या हातचे आहेत, बाकीचे उस्तादाच्या. आणि मला पास मागतोस?"

पहारेकरी खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "मी जरा चहाला जाऊन येतो," आणि जाताना दार ओढून घेतलं.

एकेचाळीस निघाले. बोधचिन्हाच्या मधोमध असलेला कुणा शहाण्यानं गोंदानं चिकटवला होता, तो काही हलेना. त्याच्या जागी काकांनी वर्कशॉपमध्ये हाताशी तयार असलेला नवा घेतला. संध्याकाळपर्यंत सातही केंद्रं झाली. प्रत्येक ठिकाणी त्यांनी आटे अंगठ्यानं तपासले, सोयरे खुंटीला लावले.

सकाळी चौकशीच्या खोलीत साहेब लालबुंद. "दालनातल्या ऐतिहासिक वस्तू चोरीला गेल्यात!"

"चोरीला नाही गेल्या. कामाला गेल्यात."

"कुणाच्या परवानगीनं? आजच्या आज परत आणा!"

"आणतो," काका म्हणाले. "फक्त लेखी द्या. बंबावरचे सोयरे काढून भिंतीवर लावावेत, असं. खाली तुमची सही. आणि तारीख घाला आजची. भोंगा भाजल्यानंतरची."

साहेबांनी पेन उघडलं. चौकशी अधिकारी छताच्या पंख्याकडे बघू लागले. पेनचं टोपण पुन्हा लागलं.

"आणि हा जबाब?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हा खोटा आहे. मी सही करणार नाही."

तासाभरानं दुसरा कागद आला. विनापरवानगी बेचाळीस नग हलवल्याबद्दल सक्त ताकीद. काकांनी तो दोनदा वाचला आणि परत सरकवला. "यात चूक आहे. एकेचाळीस हलवले. एक अजून तुमच्या भिंतीला चिकटलाय. दुरुस्त करा, मग करतो." दुरुस्ती झाली. काकांनी ठसठशीत सही केली.

महिन्याभरानं चौकशीचा अहवाल आला. 'घटनेच्या वेळी सांधे उपलब्ध नव्हते' एवढं त्यात होतं. कुणी काढले, कुणाच्या शेऱ्यानं काढले, यावर अक्षर नाही. पितळेला पाय फुटले असावेत आणि ते आपणहून काचेमागे जाऊन बसलं असावं, असा एकूण सूर. या सगळ्या प्रकरणात नावानिशी नोंद झाली ती फक्त एका माणसाच्या सेवापुस्तकात, आणि ती सोयरे परत बंबावर लावले म्हणून.