बसस्टँडच्या भिंतीवरचे नाना

आमच्याकडे, म्हणजे धुळ्याच्या अलीकडे, चौकात काळा-पांढरा चेहरा लागला की माणूस गेला असं समजायचं. वाढदिवसवाले रंगीत असतात, हात जोडलेले. एवढी साधी गोष्ट पुण्याहून आलेल्या चित्रकार पोरांना कोण सांगणार?

नगरपालिकेने बसस्टँडची भिंत 'जुनं गाव' म्हणून रंगवायला काढली. जुनं म्हणजे काळं-पांढरं, असं त्या पोरांचं गणित. माझे सासरे, नाना, तरुणपणी जत्रेतल्या तंबू-सिनेमाचे तिकीटवाले. पोरांनी त्यांचा तेव्हाचा फोटो नेला. फोटोत मशीन चालवणारा त्यांचा दोस्तही होता, पण नेमकी त्या जागी मुतारीची खिडकी आली, म्हणून दोस्त गळाला. नाना तेवढे राहिले, म्हशीएवढे. खाली लिहिलं, 'आठवणीतले दिवस'. सकाळी कुणा भल्या माणसाने वर झेंडूचा हार अडकवला. झालं! बातमी बसबरोबर गावोगाव गेली.

दुपारी जामनेरच्या चुलत नणंदा कोपऱ्यापासूनच गळा काढत आल्या. दार नानांनीच उघडलं, हातात पोह्यांची बशी.

"कोन गया वं?" त्यांनी काळजीने विचारलं.

थोरलीने डोळ्यांवरचा पदर काढून त्यांना नीट बघितलं. मग चिडली ती माझ्यावर! "वहिनी, एक फोन तरी करायचा!" आता काय म्हणून करायचा फोन, नाना जिवंत आहेत म्हणून?

मग दारावर येणाऱ्यांची रांगच लागली. येईल त्याला चहा. चहा पिताना नानांची तारीफ, आणि समोर नाना बसलेले. माझं डोकं उठलं. तरातरा गेले आणि पोरांना म्हटलं, गालाला गुलाबी लावा, शर्ट निळा करा, काहीही करा. पोरं तयार झाली, तर नानाच आडवे आले. "ऱ्हाऊ दे थोडा दिन."

"अहो, पण का?"

ते ओट्यावरून रस्त्याकडे बघत राहिले. "यावलहून कोनी उनं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोतला तो मशीनवाला दोस्त यावलला राहायचा. एका जत्रेत सिनेमाचं रीळ जळलं, नानांनी भर तंबूत खापर त्याच्यावर फोडलं, आणि तो उठून गेला तो गेलाच. तो यावा म्हणून म्हातारा मेलेला राहायला तयार होता! मला रागही आला आणि भरूनही आलं.

आणि तो दोस्त, म्हणजे चाचा, शुक्रवारची नमाज आटोपून निघाले ते संध्याकाळी बसमधून उतरले. पांढरा सदरा, डोळे सुजलेले. गल्लीत माणसं होतीच. ओट्यावर नानांना बघून ते थबकले, आणि एकदम कडाडले, "माफ करायला आलो होतो रे तुला! जिवंत आहेस, तर नाही करत, जा!" आणि वळले.

नाना अनवाणीच धावले. त्यांची बाही धरली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "रीळ मन्ही बिडीमुये जळनं व्हतं!"

"मला माहीत आहे."

"मंग तव्हा बोलना का नही?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." चाचांचा आवाज फुटला. "यावलमध्ये मला भांडायलासुद्धा कोणी नव्हतं रे, हरामखोरा."